खालून तीन, वरून एक

सकाळी भेटल्यावर माणसं एकमेकांना चहा झाला का म्हणून विचारतात. आमचे घरमालक विचारायचे, "राती पाय गरम होते का?" पेपरवाल्याला, दूधवालीला, समोरच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या पेशंटला, सगळ्यांना हाच प्रश्न, आणि तो भर मे महिन्यातसुद्धा. अकोल्यात मे महिन्यात पाय कुणाचे गार असतात? नळाला कढत पाणी यायचं, कूलर गरम वारा फेकायचा, जठारपेठेतले दुकानदार दुपारी शटर अर्धं ओढून आत पडून राहायचे, आणि हे गृहस्थ गच्चीवर दुलया पसरून त्यांना काठीनं झोडपत असायचे.

"थंडीची तयारी उन्हात कराची असते, अमरावती," ते मला म्हणायचे.

अमरावती म्हणजे मी. बदली होऊन अकोल्याला आले, त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला लागले, तेव्हा माझं नाव मी त्यांना नीट सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं. आम्ही अमरावतीची माणसं अकोल्याला जरा नाक मुरडूनच येतो, त्यामुळे रोज उठून कुणी आपल्याला आपल्याच गावाच्या नावानं हाक मारावी याची मला आधी चीड आली. मग सवय झाली. त्या घरात सवय होण्यासारख्या इतक्या गोष्टी होत्या की नावाचं काय घेऊन बसता.

ते कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. आख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची, मीही सरच म्हणते. अंगानं काटकुळे, कान मोठे, आणि त्या कानांवर दसऱ्यापासून होळीपर्यंत माकडटोपी. सदऱ्याच्या खिशात पेन असावं तसं थर्मामीटर. भाडेकरूला घर दाखवताना लोक पाणी किती वेळ येतं ते सांगतात, सरांनी मला गादीला हात लावायला लावला आणि म्हणाले, "खालून तीन, वरून एक. ध्यानात ठेवा. थंडी वरून येत नाही, जमिनीतून येते. लोक वर पांघरुणं लादतात आन् खाली सतरंजी टाकतात. मंग म्हणतात थंडी वाजते. वाजन नाही तं काय होईन?"

अशी त्यांची वचनं पुष्कळ होती. पाय गार पडले तर टोपी घालायची. घाम म्हणजे उद्याची थंडी. उपाशी माणसाला दुलई गरम करत नाही. हे सगळं शास्त्राला धरून असणार, भौतिकशास्त्राच्या मास्तरांशी कोण वाद घालणार! पण एका गोष्टीचा मेळ मला बसेना. थंडीचं एवढं वेड असलेल्या या माणसाच्या घरात एकही खिडकी पूर्ण बंद होत नव्हती. प्रत्येक चौकटीत त्यांनी बोटभर जाडीचा लाकडी ठोकळा ठोकून घेतला होता. झडप लावली तरी फट राहायचीच. पावसात पाणी आत, उन्हाळ्यात धूळ आत, आणि थंडीत पहाटेचा वारा नेमका माझ्या उशीवर. मी एकदा सुतार बोलावून ठोकळे काढायला निघाले तर सर जिना चढून वर आले, सुताराच्या हातातली पटाशी काढून घेतली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाले, "घर आवडत नसन तं दुसरं पाहून देतो. खिडकीले हात नाही लावायचा."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं; रोज सकाळी पाय गरम होते का, हे विचारणं चालूच होतं.

त्या फटींचं कारण मला सरांनीच सांगितलं, पण फार उशिरा, चिखलदऱ्याच्या वर एका शेतात, त्यांच्या हातांना पट्ट्या बांधलेल्या असताना. ती सकाळ पुढे येईल. कारण मात्र आत्ताच सांगून टाकते, नाहीतर हा माणूस नुसता चक्रम वाटेल. चक्रम तो होताच, पण नुसता नव्हता.

सरांचं मूळ घर दर्यापूरच्या बाजूला. लग्नानंतर त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, पहिला मुलगा झाला तो तिथेच, कारण काकूंना आई नव्हती, माहेरी बाळंतपण करणार कोण. सरांच्या आईनं, म्हणजे आजींनी, सगळं अंगावर घेतलं. सासूनं सुनेचं केलं असं कुणाला वाटू नये म्हणून जरा जास्तच केलं. पौषातली थंडी, त्यात थंडीची लाट. बाळंतिणीची खोली आतल्या बाजूची. आजींनी खिडकीच्या फटी चिंध्यांचे बोळे घालून बुजवल्या, दाराला वाकळ लावली, बाजेखाली गोवऱ्यांच्या विस्तवाची शेगडी ठेवली. आपल्याकडे घरोघरी हेच करतात. पहाटे आजी गरम पाणी घेऊन आत गेल्या, दार उघडं टाकलं, म्हणून काकू वाचल्या. त्यांचं डोकं फुटायला आलं होतं, ओकाऱ्या होत होत्या. बाळ गेलेलं होतं. दर्यापूरच्या एका तरुण डॉक्टरनं सरांना अंगणात बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "खोलीत शेगडी होती का? दार बंद होतं का?" पुढचं सरांना सांगावं लागलं नाही. कोंडलेल्या खोलीत विस्तव काय करतो हे ते स्वतःच वर्गात शिकवत होते.

आत आजी ऊर बडवत म्हणत होत्या, लेकराले थंडी बाधली, माह्या लेकराले थंडी बाधली. सर अंगणातून आत गेले आणि म्हणाले, "हो माय. थंडीच बाधली."

तेव्हापासून त्या घराचं सगळं या एका वाक्यावर उभं होतं. आपल्या हातच्या शेगडीनं नातू गेला हे आईला कधी कळता कामा नये, यासाठी हा माणूस जन्मभर थंडीला शिव्या देत राहिला.

आता तंबूचं सांगते.

पुढं त्यांना मुलगी झाली. काकूंना थंडीचं असं भय बसलेलं की पोरीला चैत्रातही स्वेटर. आजी तर कार्तिक लागला की शेगडी पेटवायला बसायच्या. सर ती काही ना काही निमित्तानं बाहेर काढायचे: धूर होतो, डोळे चुरचुरतात, पोरगी भाजेल. पण किती दिवस? कारण सांगता येत नाही आणि शेगडी घरात ठेवता येत नाही. मग या भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी प्रयोग काढला. विस्तव नसतानाही माणूस कडाक्याच्या थंडीत ठणठणीत राहू शकतो, हे बोलून नाही, करून दाखवायचं. घरच्यांना उघड्यावर न्यायचं, चिखलदऱ्याला, आपल्या मुलखात थंडी म्हणतात ती जिथं खरी पडते तिथं. पोरगी रांगत होती तेव्हापासून दर हिवाळ्यात ही वारी सुरू झाली आणि ती शिकून बंगळूरला नोकरीला गेली तरी चालूच राहिली.

मी तीन हिवाळे त्यांच्याबरोबर गेले. पहिल्यांदा नाही म्हणणार होते, पण माझे यजमान नोकरीनिमित्त नांदेडला, मी आणि माझी लहानगी दोघीच घरी, आणि सुट्टी लागलेली. अकोट-अंजनगाव-परतवाडा करत जीप घाटाला लागली तेव्हा मागच्या सीटवर मी, माझी पोर, काकू, आजी आणि आमच्या मांडीवर, पायाखाली, डोक्यावर सोयाबीनच्या कुटाराची पोती. पूर्वी सर कडबा न्यायचे. आता ज्वारी पेरतो कोण, म्हणून मळणीनंतर उरलेलं हे कुटार. त्या पोत्यांवर निजायचं. ऊब उत्तम येते, पण रात्रभर अंग असं खाजतं की थंडीकडे लक्षच जात नाही. मी हे सरांना म्हटलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "तोही एक फायदा."

त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर स्ट्रॉबेरीचं शेत होतं. त्याच्या बांधाला तंबू लागायचा. तंबू म्हणजे कापसाच्या ट्रकवर टाकतात ती ताडपत्री, आतून आजींच्या जुन्या लुगड्यांचं अस्तर. माथ्याजवळ एक झरोका, खाली दाराशी दुसरी फट. दोन्हीला हात लावायला बंदी. लेकीनं बंगळूरहून एक महागडी झोपायची पिशवी पाठवली होती, आत शिरून चेन ओढायची तशी. सरांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यात माणूस एकटा झोपते. आपल्याले घर झोपवाचं आहे." मग तिची शिवण उसवून त्यांनी ती सगळ्यांच्या खाली अंथरली.

सूर्य बुडायच्या आत सगळ्यांनी अंगावरचा प्रत्येक कपडा बदलायचा, आतले धरून. दिवसाचा घाम अंगावर ठेवून निजायचं नाही. आजींना हा नियम फार लागायचा. "लगन झाल्यापासून मले कोणी कपडे बदल म्हनून सांगतलं नाही," त्या तंबूच्या मागून ओरडायच्या, "आन् हा पोरगा मास्तरकी करून राह्यला आपल्या मायवर!" मग पिठलं, भाकरी, ठेचा, वर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, पोटातली भट्टी चालू राहायला. स्टीलच्या बाटल्यांत कढत पाणी, बाटली लोकरीच्या मोज्यात आणि मोजा पायाशी. शेवटी सगळ्यांना टॉर्च दाखवत शेताच्या कडेला लघवीला नेऊन आणायचं, कारण भरलेलं मूत्राशय गरम ठेवण्यात शरीराची ऊब फुकट जाते. ऐंशीच्या घरातली आई, साठीला आलेली बायको, सरकारी नोकरीतली भाडेकरीण आणि तिची पोर, अशी ही मिरवणूक. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. आजी म्हणायच्या, "पैशे देऊन थंडी खाले येते. असा बह्याड माह्याच पोटी याचा होता!"

काकू हसायच्या नाहीत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही असं मला तेव्हा वाटायचं. त्या पोती शिवायच्या, बाटल्या भरायच्या, दुलया नीट करायच्या, सरांनी सांगितलेलं सगळं बिनचूक करायच्या. कधी नको म्हणाल्या नाहीत आणि कधी चला म्हणाल्या नाहीत. दसरा झाला की त्यांचं बोलणं कमी होत जायचं, तंबूत तर हूं की चूं नाही. सर मला कौतुकानं म्हणायचे, "पाह्य, आता तिले थंडीचं भेव नाही राह्यलं. पहिले किती भेत होती."

तिसऱ्या हिवाळ्यात थंडी फार होती. सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं, बादलीतल्या पाण्यावर पातळ साय धरल्यासारखा बर्फ. माझी लेक सर्दीनं फुरफुरत होती. दुसऱ्या दिवशी जेवणं लवकर आटोपली. सर बाटल्यांत भरायला पाणी तापवून आणायला विद्यार्थ्याच्या घरी गेले. काकू आणि मी तंबूत पोरीला निजवत होतो. इतक्यात आजी वाकून आत आल्या. हातात बाहेरच्या चुलीतल्या विस्तवानं भरलेलं घमेलं, दोन्ही कडांना फडकं धरलेलं, वर राख पसरलेली. त्यांनी ते पोरीच्या पायाशी टेकवलं. दाराचा पडदा सोडला, खालच्या फटीवर पोतं सरकवलं, वरच्या झरोक्यात आपली शाल कोंबली, आणि हुश्श करून बसल्या.

"आता पाह्य कसं लेकरू निजते ते," आजी म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा नाकाचा शेंडा गरम झाला होता. पोरगी खरोखरच निजली. आजी विस्तवाकडे बघत बोलायला लागल्या. "माह्या सुनेचं बाळंतपन म्या असंच केलं. बाजेखालचा इस्तो इझू देला नाही. विचार तिले." काकू दुलईची शिवण चाचपत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पडदा उचलून सर आत आले आणि तिथंच थांबले. नंतर इतक्या भराभर सगळं झालं की मला नीट क्रम लावता येत नाही. त्यांनी फडकंबिडकं काही न धरता घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर नेऊन आपटलं. विस्तव गवतावर पसरला. परत आत येऊन त्यांनी झरोक्यातली शाल ओढली, पडद्याचे बंद तोडले, माझ्या पोरीला पांघरुणासकट उचलून उघड्यावर नेलं आणि तिच्या नाकाशी कान लावून बसले. पोरगी जागी होऊन रडायला लागली, तेव्हा कुठे त्यांनी तिला माझ्याकडे दिलं. त्यांच्या तळहातांची साल निघाली होती. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, मी पोरीला छातीशी धरून त्यांच्यावर ओरडायच्या बेतात होते.

माझ्याआधी आजी ओरडल्या. "काहून रे? लेकरू गारठून राह्यलं आन् तू इस्तो फेकतं?"

सर पायानं निखारे एका जागी सारायला लागले.

"सांग ना काहून ते!"

"तंबू पेटन, माय."

"म्या का बह्याड आहो? राख टाकली होती वरून." आजींचा आवाज एकदम खाली आला.  "एक नातू नेला माह्या थंडीनं. त्या राती म्या एकच शेगडी ठेवली. दुसरी ठेवाले पायजे होती. इतकी वर्सं झाली, हेच खाते मले. इस्तो कमी पडला रे माह्या हातून."

तिथं विस्तवाच्या उजेडात मी सरांचा चेहरा पाहिला. असा चेहरा मला पुन्हा कुणाचा पाहायचा नाही.  मग ते आईजवळ गेले, भाजलेले हात तिला लागू नयेत असे बाजूला धरून मनगटांनीच तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "नाही माय. तुह्या हातून काई कमी झालं नाही. काईच कमी झालं नाही."

आजी लहान मुलासारख्या रडल्या. तंबूच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं, मग आतून मलम आणि स्वच्छ फडकं आणून सरांच्या हातांना पट्ट्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधलं आणि सरांना स्पष्ट सांगितलं की असल्या वेडात मी माझी पोर पुन्हा आणणार नाही. ते मला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांपलीकडे घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, अंगण, खिडकीतले बोळे, सगळं.  पोरगी आदल्या संध्याकाळी किती पटकन झोपली होती ते मला आठवलं. मी त्यांच्या पाया पडले असते, पण ते असलं काही करू देणारे नव्हते.

मी विचारलं, "काकूंना माहीत आहे?"

"नाही."

"का पण? त्या तर आई आहेत त्याच्या."

"तिले सांगतलं तं ती मायच्या हातचं पानी तरी पिईन का?" सर म्हणाले. "एका घरात राहाचं आहे दोघींले. आन् माय तं जीवच देईन. जे गेलं ते गेलं. उरले त्याईले सांभाळाचं." थोडं चालून ते म्हणाले, "माय आहे तोवर नाही. मंग सांगीन."

मला ते पटलं होतं. सगळ्यांना वाचवायचं आणि ओझं एकट्यानं उचलायचं, याहून मोठा माणूस कुठला, असं मला परतीच्या घाटात वाटत होतं.

आजी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या. फार हाल झाले नाहीत. वय झालं होतं, जेवण सुटलं, आणि एका दुपारी गेल्या. शेवटच्या दिवसांत सुनेच्या हातानंच पाणी घ्यायच्या, दुसऱ्या कुणी दिलं तर तोंड फिरवायच्या. "पोरगीच आहे माही," येईल त्याला सांगायच्या. ते पाहून सर सुखी व्हायचे. एवढ्यासाठीच त्यांनी सगळं केलं होतं आणि ते साधलं होतं.

तंबू त्यानंतर कधी लागला नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. मी त्यांची मोठी पातेली परत द्यायला खाली गेले होते. काकू ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. सर खुर्चीत बसले होते, मुंडण केलेलं डोकं उघडं, फार म्हातारे दिसत होते. मी पातेली ठेवून निघाले तर म्हणाले, "बस, अमरावती. जराक बस."

मला कळलं की एकट्यानं बोलायचा त्यांना धीर होत नाहीये. मी पायरीवर बसले.

वर्गात नियम सांगावा तसं त्यांनी सांगितलं. कोंडलेली खोली, गोवऱ्यांचा विस्तव, त्यातून निघणारा वायू, त्याला ना रंग ना वास. शेवटी म्हणाले, "तो थंडीनं नाही गेला. मायच्या शेगडीनं गेला."

काकूंची बोटं डाळीत थांबली.  मला वाटलं त्या सासूला शिव्या देतील, निदान रडतील.

"तुमाले केव्हापासून माईत आहे?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवसापासून."

"त्याच दिवसापासून," काकू म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं हात पुसले. "मी त्या राती झोपली होती. बाळंतपनाची थकलेली, डोळा लागला. पाहाटे जाग आली, डोकं नुसतं फिरून राह्यलं होतं, आन् पाह्यलं तं दुपटं त्याच्या आंगावरून सरकलेलं. खाली पायाशी गेलेलं. मले वाटलं, म्या झोपली म्हनून तो उघडा पडला. म्हनून थंडी बाधली. हे म्या कोनालेच सांगतलं नाही. तुमाले बी नाही."

सर खुर्चीतून पुढं झाले. "अवो, दुपट्यानं काई झालं नाही..."

"आता कळलं ते मले." काकूंचा आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला तिथं बसवेना. "पोरगी झाली तं तुमी आमाले थंडीत नेलं. उघड्यावर. खाली असं अंथरा, वर असं पांघरा, टोपी घाला, बाटली ठेवा. दरसाली. मी म्हनो, यायले माईत आहे माहं. तोंडानं बोलत नाहीत, चांगला मानूस आहे. पन दरसाली तिथं नेऊन दाखवतात का पाह्य, नीट पांघरलं का असं लेकरू जगते. तुह्यानं तेवढं नाही झालं."

"नाही!" सर म्हणाले. "नाही, म्या तं..."

"त्या साली तुमी मायले जवळ घेऊन म्हनले, तुह्या हातून काई कमी झालं नाही. मी दारात उभी होती. मंग कोनाच्या हातून झालं? दोघीच तं होतो त्याले पाहाले."

  अकोल्याच्या त्या उन्हात त्यांचे खांदे थरथरताना मी पाहिले. मला त्यांची दया आली, आणि काकूंकडे पाहिलं तेव्हा ती दया कुठे ठेवावी ते कळेना. आईला वाचवायला या माणसानं जन्म घालवला, आणि जिला दोषच नव्हता तिला रोज थोडं थोडं दोषी केलं, तेही किती काळजीनं, किती पांघरुणं घालून.

शेवटी ते कसेबसे म्हणाले, "मले एकदा तरी सांगाचं होतं तुनं."

"तुमी सांगतलं?" काकू म्हणाल्या.